पेणच्या मूर्तिकार काकांना, बोरघाटाच्या कातळाबद्दल

काका, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागले, तर तुम्ही "बरं बरं" म्हणून ठेवून दिलात. म्हणून सगळ्यांच्या देखत लिहिते आहे.

माझ्या बाबांची नोकरी कर्जतला झाली, घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून रेटा देणाऱ्या बँकर इंजिनांवर. १८६३ साली सुरू झालेला, ३७ फुटांना एक फूट चढणारा बोरघाट. आता त्यांना घराबाहेर पडवत नाही, म्हणून त्याचं १:८७ प्रमाणातलं, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढं, मॉडेल घरातच उभं करायचं ठरवलं. रूळ आले, इंजिनं आली. कातळ मात्र कुणी करून देईना. एका डेकोरेटरने निम्मे पैसे आगाऊ घेतले, गुळाच्या ढेपेसारखा तपकिरी डोंगर आणून ठेवला आणि नंतर फोन उचलणं बंद केलं. दुसरे एक जाणकार म्हणाले, "डोंगर कोण बघतंय, लोक गाडी बघतात." ज्या माणसाचं आयुष्य त्या कातळाला घासून गेलं, त्याच्यासमोर हे बोलले. अजून राग जात नाही.

मॉडेल घेऊन तुमच्याकडे आले तेव्हा कारखान्यात आखणीची, मूर्तींचे डोळे रेखायची घाई होती. तरी तुम्ही ब्रश खाली ठेवलात. गुडघा दुखत असताना जमिनीवर बसलात, गाल जवळजवळ रुळाला टेकवलात आणि एक डोळा मिटून बघत राहिलात. तोवर सगळ्यांनी ते वरून पाहिलं होतं, खेळणं बघावं तसं. मान वर न करता तुम्ही विचारलंत, "बाबा कुठल्या बाजूला बसायचे?"

डावीकडे, म्हटलं.

"मग त्या बाजूचा कातळ आधी करू."

काका, हा प्रश्न मला इतक्या दिवसांत कुणीच विचारला नव्हता.

पुढचं काम तुमच्या हाताला नवं नव्हतंच. प्लास्टर तुमच्या रोजच्या ओळखीचं. पण सह्याद्रीचा दगड तुम्ही किती नीट पाहिला आहे! साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे लोट एकावर एक पसरले, त्यांचे ते आडवे थर, मध्येच भाजलेल्या लाल मातीचा पट्टा, उभ्या भेगा, पावसाळ्यात धार पडते तिथला फिकट ओघळ. नुसता काळा रंग तुम्ही कुठेच लावला नाहीत. पातळ रंगाचे हात प्लास्टरमध्ये जिरू दिलेत, आणि झिजलेल्या ब्रशने जवळजवळ कोरडाच राखाडी कडांवरून ओढलात, तसा दगड जागा झाला. दगडातली छिद्रं भरून आलेले पांढरे खडे दाखवायला सुईच्या टोकाने ठिपकेसुद्धा दिलेत. गाडीच्या वेगात ते कुणाला दिसणार? बाबांना दिसले. बोट ठेवून म्हणाले, "ठाकूरवाडी स्टेशन सोडलं की असाच येतो."

हंगामात तुमच्या एकेका तासाची किंमत मला कळते. परक्या माणसाचं काम स्वतःचं समजून करणारी माणसं अजून आहेत, हे तुमच्यामुळे मी ठामपणे सांगू शकते.

अनंत चतुर्दशी झाली की घरी या. बाबांना आता घाटातल्या मंकी हिल स्टेशनचा तुकडाही हवा आहे. मजुरी आधी ठरवू. मागच्यासारखे प्लास्टरचे पैसे सोडून दिलेत, तर मी काम देणार नाही.

तुमची,
कर्जतच्या बँकरवाल्यांची मुलगी