पापलेटची लांबी ठरली, आता वयही मोजा

मा. मत्स्यव्यवसाय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

2023 साली रुपेरी पापलेट राज्यमासा झाला आणि त्याच वर्षी 54 जातींच्या माशांना किमान लांबीचा नियम लागू झाला. पापलेटसाठी माप ठरलं 135 मिलिमीटर. मी पालघर किनाऱ्यावरच्या मासे विकणाऱ्या घरातली. पिल्लांनी भरलेल्या टोपल्या पाहून जीव तुटायचा, म्हणून या नियमाचा मला मनापासून आनंद झाला. पण मी प्राणिशास्त्र शिकवते आणि वर्गात मुलं विचारतात, एवढं पापलेट किती महिन्यांचं असतं?

आई ढोमी साफ करताना डोक्यातले दोन पांढरे खडे मला खेळायला द्यायची. तेच ऑटोलिथ, माशाच्या कानातले खडे. त्यांवर चुन्याचा थर चढत जातो. हे थर रोजचे असतात, हे जॉर्जिओ पॅनेला यांनी 1971 साली दाखवलं. खडा घासून पातळ केला आणि सूक्ष्मदर्शकाखाली वलयं मोजली, की पिल्लाचं वय दिवसांत सांगता येतं. मोठ्या माशात वर्षाची वलयं बघतात. थंड समुद्रात ती ठसठशीत उमटतात, आपल्या उबदार पाण्यात फिकट. म्हणून आपल्याकडे बहुधा बंदरात उतरलेल्या माशांच्या लांबीवरूनच वाढीचा अंदाज बांधतात.

इथेच खोट आहे. जाळं आपल्या आसाच्या, म्हणजे जाळ्यातल्या भोकाच्या, मापाचाच मासा धरतं. एकाच वयाच्या पिल्लांतली झपाट्यानं वाढणारी आधी अडकतात, हळू वाढणारी मागे उरतात. उद्या पापलेट लहान मापातच गाभोळी धरू लागलं, तर ते कोवळ्या वयात अंड्यावर आलं की खुरटलं, हे फूटपट्टी कसं सांगणार? दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

माझी मागणी एवढीच: सातपाटी, ससून डॉक, मिरकरवाडा अशा बंदरांतून दर महिन्याला ठरावीक पापलेटचे ऑटोलिथ गोळा व्हावेत, लांबी, वजन, तारीख आणि जाळ्याच्या आसाच्या नोंदीसह, आणि हे काम निदान पाच वर्षं खंड न पडता चालावं. वलयं वाचणारे हात शोधायला लांब जायला नको. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचं केंद्र मुंबईतच आहे, वर्सोव्याला मत्स्यशिक्षण संस्था आहे.

आणि हे नमुने फुकट मागू नका. डोकं चिरलेल्या पापलेटला बाजारात भाव मिळत नाही. त्या दिवसाच्या लिलावाचा पूर्ण दर मच्छीमाराला बंदरावरच द्या.

आपली,
प्राणिशास्त्राची एक शिक्षिका, जि. पालघर