नुसता अर्थ नको, वाक्य पण द्या

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पुरवणीत खाली कोपऱ्यात रोज एक इंग्रजी शब्द आणि त्याचा मराठी अर्थ येतो ना, त्या चौकटीबद्दल लिहितेय. माझी मुलगी आठवीत आहे, मराठी माध्यमात, आणि जूनपासून ती चौकट कापून वहीत चिकटवते, शंभराच्या वर शब्द झालेत, सगळे तोंडपाठ. मला कौतुकच होतं. मागच्या आठवड्यात चाचणीत निबंध आला आईवर, त्यात बाईसाहेबांनी लिहिलं, माय मदर इज रिलक्टंट बिकॉज आय गॉट लेस मार्क्स. टीचरनी लाल गोल केला आणि बाजूला नुसतं प्रश्नचिन्ह. घरी येऊन रडारड, म्हणे पेपरातच दिलंय रिलक्टंट म्हणजे नाखूष, आणि तू नाखूष होतीसच की! वही काढून नाकासमोर धरली. खरंच तसंच छापलंय, आणि अर्थ चुकीचा आहे असं पण म्हणता येत नाही, पण मराठीत साहेब नाखूष असतात, सासू नाखूष असते, निकालावर पण आपण नाखूष असतो. रिलक्टंट तसं नाहीये ना. काहीतरी करायचंय पण मन घेत नाही म्हणून माणूस मागेपुढे करतो, तो रिलक्टंट.

हे मला पण शाळेत कळलं नव्हतं हां. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं (आता 2000 सालापासून पहिलीपासूनच आहे), आणि आम्ही पण गाइडमधल्या शब्दार्थांवरच वाढलो. पुढे फोर्टात नोकरीला लागले तेव्हा फाउंटनच्या फुटपाथवरून एक जाडजूड लर्नर्स डिक्शनरी घेतली, कव्हर फाटलेलं, आतमध्ये कोणाची तरी बसची तिकिटं. त्यात प्रत्येक शब्दाचा अर्थ सोप्या इंग्रजीत आणि खाली एकदोन वाक्यं, ती मी भांडुप ते सीएसटी उभ्याने वाचायचे. वाक्य बघितलं की कळतं रिलक्टंटच्या पुढे टू येतो आणि मग काम येतं, रिलक्टंट टू गो, रिलक्टंट टू स्पीक. डिस्कसच्या पुढे अबाउट लागत नाही आणि फर्निचरला एस लागत नाही हे पण तिथेच कळलं, नाहीतर ऑफिसच्या मेलमध्ये अजून फर्निचर्स लिहीत बसले असते. नुसत्या अर्थात हे कुठे दिसणार?

नंतर वाचलं की असल्या डिक्शनऱ्या मुळात आपल्यासारख्यांसाठीच निघाल्या. मायकल वेस्ट नावाचा इंग्रज ढाक्याला शिकवायचा, त्याने 1935 ला एका जोडीदाराबरोबर अशी डिक्शनरी काढली की आतले सगळे अर्थ जेमतेम दीड हजार सोप्या शब्दांत. हॉर्नबी जपानमध्ये शिकवायचा, त्याची 1942 ला टोकियोत छापली आणि 1948 ला तीच ऑक्सफर्डने काढली. पुढे लाँगमनने 1978 ला सगळे अर्थ साधारण 2000 शब्दांत बसवले. म्हणजे तेवढे दोन हजार शब्द आले की बाकीची डिक्शनरी स्वतःची स्वतः वाचता येते, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

नाहीतर घरातली पॉकेट डिक्शनरी बघा, रिलक्टंट काढलं तर डिसइन्क्लाइंड, डिसइन्क्लाइंड काढलं तर अनविलिंग, अनविलिंग काढलं तर परत रिलक्टंट. म्हणजे कल्याणहून डोंबिवली, डोंबिवलीहून परत कल्याण, आणि ऑफिसला काही पोचत नाही.

आणि आपलीच भाषा बघा की, आपल्याला भूक लागते, ठेच लागते, वेळ लागतो, नोकरी लागते, वाटेत देऊळ लागतं आणि पोराचा डोळा पण लागतो. उद्या एखाद्या परदेशी माणसाला लागणे म्हणजे टच एवढंच सांगून सोडलं तर त्याचं काय होईल? आमच्या पोरीचं तेच झालंय.

मराठी अर्थ काढूनच टाका असं नाही म्हणत मी. स्पिनॅच म्हणजे पालक, झालं, तिथे हिरव्या पानांची भाजी वगैरे इंग्रजीत सांगत बसलात तर पोरं मेथी समजतील. वस्तू, भाजी, प्राणी यांना आपला शब्दच बरा. पण स्वभाव, भावना, क्रियापदं आली की नुसत्या एका शब्दावर भागत नाही, तिथे सोप्या इंग्रजीत एक ओळ अर्थ आणि दोन वाक्यं पाहिजेतच. वाक्यं पण इथली घ्या हो, बर्फ पडतोय आणि जॉन शेकोटीजवळ बसलाय असली नकोत, गाडीला गर्दी, पाण्याची वेळ, गणपतीची वर्गणी अशी घ्या. मी मुलीला म्हटलं आता रिलक्टंटचं तुझं तू वाक्य कर, तर पेन चावत बसली आणि मग लिहिलं, माय मदर इज रिलक्टंट टू बाय मी अ फोन. बरोबर आहे, सगळ्याच बाजूंनी.

चौकटीत जागा कमी असते हे कळतं मला. मग रोज नको, आठवड्यातून तीनच शब्द द्या पण वाक्यांसकट द्या. बाजूच्या राशिभविष्यातनं दोन ओळी उसन्या घेतल्या तरी आमच्या घरात कोणाची तक्रार नाही, सासूबाई सोडून. आणि शब्दाचा उच्चार देवनागरीत देता तो मात्र बंद करू नका, त्याचा खूप उपयोग होतो.

– एक वाचक, भांडुप