दोन पेट्या

इटारसी, रनिंग रूम
रात्रीचे पावणेअकरा

चि. पिलूस,
अनेक आशीर्वाद.

काल मी ड्यूटीची पेटी भरत होतो तेव्हा तू शाळेतल्या तुमच्या क्लबच्या ताणमुक्तीच्या आठवड्याचा, कार्यक्रमांचा तो मोठा कागद माझ्यासमोर धरलास आणि विचारलंस, "बाबा, कसं झालंय?" गाडी घेऊन निघायचा कॉल लागला होता, अजनी लॉबीत हजेरीला वेळेवर पोचायचं होतं. "छान आहे" एवढंच म्हणून मी निघालो. जिन्यावरून वळून पाहिलं तर तू तसाच कागद धरून उभी होतीस. ते काही मनातून जाईना. दुपारी गाडी घेऊन इथं, ड्रायव्हरांच्या या विश्रांतीच्या जागी पोचलो, जेवलो, पाच तास झोप काढली, आणि उठल्यावर आईकडून त्या कागदाचा फोटो मागवून घेतला. आता शब्द न शब्द वाचलाय. फोन केला असता, पण बाजूच्या खाटेवर एक जण झोपलाय आणि त्याचा कॉल दोनचा आहे. म्हणून लिहितोय.

आधी हे सांगतो की मला तुझा अभिमान वाटतो. नववीतली पोरं स्वतःहून म्हणतात की आमच्या वर्गातल्यांना ताण आहे, त्यावर काहीतरी करू, ही साधी गोष्ट नाही. आमच्या वेळी 'ताण' हा शब्द खाटेच्या दोरीसाठी असायचा. माणसाला ताण असतो हे कोणी बोलत नसे.

तुमची बडग्याची, म्हणजे मारबतीबरोबर निघतो तसा पुतळा करायची कल्पना मला सगळ्यात आवडली. ती आपल्या नागपूरच्याच पोरांना सुचू शकते. तू पाच वर्षांची असताना पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तुला खांद्यावर घेऊन मी इतवारीत उभा होतो. तिथं मिरवतात त्या मोठ्या पुतळ्यांपैकी काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. दोघींची गाठ पडते तेव्हा गर्दीचा जो आवाज होतो, त्याला घाबरून तू माझे केस घट्ट धरले होतेस. मग लोक ओरडायला लागले, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" आणि तूही ओरडायला लागलीस. घरी येऊन आजीला विचारलंस, "ईडा पीडा म्हणजे काय?" आजी म्हणाली, "जे सांगता येत नाही पण दुखते, ते." मला अजून याहून चांगला अर्थ सापडलेला नाही.

तर प्रत्येकाने चिठ्ठीवर आपलं टेन्शन लिहायचं, ते बडग्याच्या पोटात भरायचं आणि शेवटच्या दिवशी त्याला मिरवत न्यायचं. उत्तम. शाळेच्या मैदानात जाळू मात्र नका, टबात भिजवून लगदा करा. आणि नाव न लिहिता, कोणी वाचणार नाही असा शब्द दिलाय, तो शंभर टक्के पाळा. एकाही चिठ्ठीची घडी उघडली गेली तर पुढच्या वर्षी कोणी खरं लिहिणार नाही.

पण इथंच माझं मन अडकलं. तुमच्या शाळेत हजारभर पोरं आहेत. त्या हजार चिठ्ठ्यांत गणिताची भीती असेल, बस चुकण्याची असेल, कोणाच्या घरी आईबाबांची भांडणं असतील. आणि एखादी चिठ्ठी अशीही असेल, जी लगद्यात जाता कामा नये. जिने ती लिहिली तिला वाटेल, मी सांगितलं. प्रत्यक्षात ते कोणापर्यंत पोचलेलंच नसेल.

म्हणून पेट्या दोन ठेवा. एक बडग्याची, बिननावाची. दुसरी लहान, कुलुपाची, तिच्यावर फक्त एवढंच लिहा: "मला कोणाशी तरी बोलायचंय." तिच्यातल्या चिठ्ठीवर नाव आणि वर्ग लिहायचा, कारण लिहायची गरज नाही. किल्ली समुपदेशक मॅडमकडे किंवा तुमच्या ज्या एका बाईंवर सगळ्या पोरांचा विश्वास आहे त्यांच्याकडे. पेटी रोज शाळा सुटायच्या आत उघडायची, शनिवारपर्यंत थांबायचं नाही. आणि पहिल्याच दिवशी प्रार्थनेनंतर दोन्ही पेट्यांमधला फरक माइकवर नीट सांगायचा: ही कोणी वाचणार नाही, ही आजच्या आज वाचली जाईल.

मॅडम फक्त बुधवारी येतात, असं तू म्हणाली होतीस. सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये सांगितलंय की १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा. हे भांडणाच्या सुरात नको, पण मुख्याध्यापकांना भेटाल तेव्हा विचारा की निदान या आठवड्यात तरी मॅडमना रोज बोलावता येईल का. तुम्ही मुलांनी विचारलंत तर ते ऐकतील. पालक सभेत मी विचारेनच.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी आईलाही अर्धीच सांगितली आहे. आयटीआयच्या होस्टेलमध्ये माझ्या खोलीत एक मित्र होता. हळूहळू त्याने मेसमध्ये येणं सोडलं. त्याचं घड्याळ त्याला फार प्रिय, ते मला देऊन टाकलं. एका रात्री म्हणाला, "मला आता काही नको वाटते. पण कोणाला सांगू नको, शपथ आहे." मी शपथ घेतली आणि पाळली. मला वाटलं, यालाच मैत्री म्हणतात. बारा दिवसांनी त्याच्या मोठ्या भावाला त्याला उचलून दवाखान्यात न्यावं लागलं. तो वाचला. आज त्याचं विजेच्या सामानाचं दुकान आहे, दोन पोरं आहेत, दिवाळीला आमचा फोन होतो. काही वर्षांपूर्वी मी धीर करून त्याच्याकडे हा विषय काढला. तो म्हणाला, "तू तेव्हा वॉर्डनला सांगितलं असतं तर मी तुझ्यावर रागावलो असतो. महिनाभर."

महिनाभर, पिलू. त्याच्या बदल्यात मी ते बारा दिवस मोजत आलोय.

तुमच्या कागदावर "मित्राशी बोला" नावाचा कार्यक्रम आहे ना, दहावीच्या चार-पाच जणांनी लहान वर्गांतल्यांचं ऐकून घ्यायचं, तो ठेवा. पण त्या चार-पाच जणांना आधी हे शिकवा की "कोणाला सांगणार नाही" असा शब्द द्यायचा नाही. "तुझी थट्टा होऊ देणार नाही, वर्गात बोलणार नाही, पण तुला धोका आहे असं वाटलं तर मी एका मोठ्या माणसाला सांगेन" असं सुरुवातीलाच म्हणायचं. सल्ला द्यायचा नाही, उपाय सुचवायचे नाहीत. तुम्ही डॉक्टर नाही आणि तसं व्हायची जबाबदारीही तुमची नाही. इंजिनमध्ये आमचं कसं असतं ते तुला माहीत आहे. असिस्टंटला स्टेशनाआधीचा होम सिग्नल दिसला की तो मोठ्याने म्हणतो, "होम, पिवळा!" मीही तोच सिग्नल बघून मोठ्याने म्हणतो. दोघांना दिसला तरी दोघांनी बोलायचाच. मनातल्या मनात पाहिलेला सिग्नल धरला जात नाही. तुमच्या क्लबचं कामही मला तेच वाटतं. गाडी थांबवण्याचं काम मोठ्यांचं. दिसलेलं मोठ्याने सांगण्याचं काम तुमचं.

टेलिमानसचा नंबर, १४४१६, पोस्टरवर मोठ्या अक्षरात टाका. ही सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू झाली. फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. लहान मुलांसाठी १०९८ आहेच. पण हे नंबर फक्त नोटीस बोर्डावर लावले तर त्यापुढे उभं राहून लिहून घ्यायची हिंमत कोणाची होणार? मुलामुलींच्या बाथरूमच्या दारांना आतून लावा. तिथं माणूस एकटा असतो.

श्वासाचा कार्यक्रम पंधरा मिनिटांचा ठेवलाय, त्यातली दहा मिनिटं भाषण दिसतंय. भाषण काढून टाका. पोरांना एकच सांगा. श्वास आत घेताना काळीज थोडं जोरात धडधडतं आणि सोडताना संथ होतं, म्हणून सोडायचा वेळ लांबवायचा. चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. मिनिटाला सहा श्वास होतात. पेपर हातात येण्याआधीची दोन मिनिटं पुरतात. डोळे मिटायची सक्ती करू नका, काही पोरांना डोळे मिटले की जास्त अस्वस्थ वाटतं. ज्याला नको असेल त्याने खिडकीबाहेर बघितलं तरी चालेल.

"ताणमुक्ती पोस्टर स्पर्धा" हे मात्र मला पटलं नाही. चित्रं काढा, भिंतभर लावा, पण पहिला-दुसरा-तिसरा नको. आधीच या पोरांना सगळीकडे नंबर लागतात.

आणि नंबरांवरून आठवलं. एनसीईआरटीने २०२२ मध्ये देशभरातल्या पावणेचार लाखांहून जास्त शाळकरी मुलांना विचारलं होतं, तेव्हा ८१ टक्के मुलांनी काळजीचं कारण अभ्यास, परीक्षा आणि निकाल हेच सांगितलं. मग तुमच्या आठवड्यात योग आहे, गाणी आहेत, शेवटच्या दिवशी तर्री पोह्यांचा स्टॉल आहे, आणि त्याच शनिवारी दोन विषयांच्या युनिट टेस्ट आहेत, हे कसं जुळायचं? पोरगं पोहे खाताना इतिहासाची सनावळी घोकत असेल. त्यापेक्षा शिक्षकांकडे दोनच गोष्टी मागा: त्या आठवड्यात एका दिवशी एकापेक्षा जास्त टेस्ट नको, आणि एक संध्याकाळ पूर्ण गृहपाठाशिवाय. ती एक संध्याकाळ मिळाली तर बाकी सगळे कार्यक्रम मिळून जेवढं देतील त्याहून जास्त देईल, असं मला मनापासून वाटतं. मोकळी मिळालेली पोरं अंबाझरीला जातील, गल्लीत क्रिकेट खेळतील, नुसती लोळतील. लोळू द्या.

आता तुझ्याबद्दल. आई म्हणते, क्लबची ऑनलाइन मीटिंग रात्री अकराला असते आणि तू साडेबाराला झोपतेस. सकाळची शाळा, म्हणजे साडेपाचला उठणं. परवा ताट तसंच ठेवून उठलीस तेव्हा आजीने विचारलं, "काहून वं, जेवली नाही?" आणि तू तिच्यावर चिडलीस. आजीला राग आला नाही, तिला काळजी वाटली. तुझ्या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. या वयात शरीराचं घड्याळच उशिराकडे सरकतं, रात्री लवकर झोप येत नाही, हे खरं आहे आणि त्यात तुझा दोष नाही. पण शाळा काही सरकत नाही, म्हणून मीटिंग सरकवा. आठला घ्या, अर्ध्या तासात संपवा. आमच्याकडे विश्रांती पूर्ण झाल्याशिवाय माणसाच्या हाती गाडी देत नाहीत. ही रनिंग रूम, या खाटा, दिवसाही ओढलेले पडदे, सगळं त्याचसाठी आहे. गाडीतल्या लोकांना कधी कळतही नाही की आपल्या ड्रायव्हरने आधी झोप घेतली होती. पण त्यांचा प्रवास त्यावरच चाललेला असतो.

आणखी एक, जे समोर बसून सांगायला मला जमलं नसतं. आठवीच्या सहामाहीत तुला गणितात कमी मार्क मिळाले तेव्हा मी जेवताना सगळ्यांसमोर शेजारच्या मुलाच्या मार्कांचा विषय काढला होता. त्यानंतर तू गणिताची उत्तरपत्रिका मला दाखवली नाहीस, आईची सही घेत राहिलीस. मला ते कळत होतं. मी चुकलो. रात्रपाळी होती, दमलो होतो, हे कारण मी स्वतःला बरेच दिवस देत आलो, पण तू तर त्या दिवशी माझ्याहून जास्त दमलेली होतीस. यापुढची उत्तरपत्रिका, जशी असेल तशी, मला दाखवशील तर मी आधी तुला विचारेन की पेपर देताना कसं वाटत होतं. मार्कांचं नंतर बघू.

माझा कॉल तीनचा आहे. त्याआधी थोडं पडतो. सकाळी तू शाळेत असशील तेव्हा मी घरी पोचेन आणि झोपेन, दुपारी उठव मला. या शनिवारी माझी पिरिऑडिकल रेस्ट, म्हणजे सुट्टी आहे. बडग्यासाठी बांबू, कागद आणि खळ आणायला चितारओळीकडे जाऊ, दुसऱ्या पेटीचं कुलूप इतवारीतून घेऊ. पेटी मीच करून देतो, घरी प्लायवूडचा तुकडा आहे, तुझ्या जुन्या टेबलाचा. वर चिठ्ठी टाकायची फट मोठी नको, आत हात जाणार नाही एवढीच ठेवू. मापं घेऊन ठेव.

आजीला नमस्कार सांग. आईला सांग, सांबारवडी चांगली राहिली होती, खराब झाली नाही.

तुझा
बाबा