भोकाचा मोजा आणि बर्फातले बूट

पुणे, 28 डिसेंबर

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

पत्र बघून हसशील, व्हॉइस मेसेज का नाही पाठवला म्हणशील, पण माझे व्हॉइस मेसेज तू स्पीड वाढवून ऐकतोस हे मला सईनेच सांगितलंय, तेव्हा आता वाच. इथे रात्रीचे दहा वाजलेत, म्हणजे तुमच्याकडे टोरांटोला सकाळचे साडेअकरा, रविवार आहे, अंथरुणातच असशील.

परवा फोनवर तू अगदी सहज सांगून टाकलंस की ऑफिसातल्या त्या साहेबांकडे ख्रिसमसच्या पार्टीला दारात बूट काढले आणि उजव्या पायाचा अंगठा मोज्यातून बाहेर, आणि मग अख्खी संध्याकाळ डावा पाय उजव्यावर ठेवून बगळ्यासारखा उभा होतास. तेव्हा मी हसले खरी, पण नंतर जीव कसनुसा झाला. लोक काय म्हणतील, आईने मोजे बघितले नाहीत? आता 31 ला परत कुणाकडे तरी जायचंय आणि संक्रांतीनंतर तुमच्याच घरी सईचं हळदीकुंकू, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकू.

बाबा म्हणाले, चपला दारात काढायच्या हे पुण्याच्या मुलाला काय शिकवायचं. त्यांचं अर्धं बरोबर आहे. पण आपल्याकडे चपला काढणं हे काम तरी आहे का, जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच पाय बाहेर आलेला असतो. तिकडे बूट काढणं हा एक कार्यक्रम आहे, आधी मोजे, त्यावर दुसरे मोजे, त्यावर तो घोट्याच्या वरपर्यंतचा जड बूट, त्याच्या नाड्या, आणि हे सगळं एवढ्याशा दारात, पाठीमागून आणखी चार माणसं बर्फ झटकत आत घुसतायत, आणि तुझ्या हातात केकचा डबा.

मागच्या जानेवारीत आम्ही टोरांटोला तुमच्याकडे होतो तेव्हा शेजारच्या मिसिसागा शहरात हळदीकुंकवाला गेलो होतो ना, तिथे माझी काय फजिती झाली ती मी तुला पूर्ण सांगितलीच नाही कधी. मी काठापदराची साडी नेसलेली, आत थर्मल, खाली ते तू घेऊन दिलेले काळे बूट, निऱ्या हातात धरून गाडीपासून दारापर्यंत आले तरी खालचा सगळा काठ ओला. आत गेले तर दारात पंचवीसेक जोड, सगळे काळे, सगळे सारखे. एक पाय बाहेर काढला, आणि कुठे ठेवला, तर बरोब्बर दुसऱ्याच्या बुटाखालून वितळून आलेल्या पाण्यात! ते पाणी कसलं, बर्फ, माती आणि मीठ. मोजा क्षणात भिजला, आणि मग हळद लावून घेताना, तिळगूळ घेताना, जेवताना, तीन तास तो गार ओला मोजा पायात, काढावा तर जमीन बर्फासारखी आणि ठेवावा तर जिथे जाईन तिथे लाकडावर ओला ठसा. यजमानीणबाई फार चांगल्या होत्या, काही बोलल्या नाहीत, पण मी बघत होते, त्या पुसत होत्या. त्यात निघताना माझे बूट गायब. मंगल कार्यालयात चप्पल बदलून जाते हे आपल्याला सवयीचं आहे, जे मिळेल ते घालून रिक्षात बसायचं, पण उणे अकरात अनवाणी कोण जाणार, शेवटी कुणाचे तरी दोन नंबर मोठे बूट घालून मी पेंग्विनसारखी गाडीपर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी फोनाफोनी झाली तेव्हा बूट परत आले. तेव्हापासून माझ्या बुटांच्या चेनला लाल लोकरीची गाठ मारलेली आहे, तुम्ही दोघंही मारा, लाज कसली त्यात.

तर माझं म्हणणं एवढंच, की बर्फातून कुणाकडे जाताना एक कापडी पिशवी न्यायची. आत घरात घालायची कोरडी स्वच्छ चप्पल किंवा हलके बूट आणि एक जादा मोज्यांचा जोड, विनाभोकाचा. तिकडचे लोकही असंच करतात, बाबांनी मेट्रोत बायकांच्या हातात बघितल्या होत्या तसल्या पिशव्या, तेव्हा त्यांना वाटलं सगळ्या शिंप्याकडे निघाल्यात. नटून गेलेल्या माणसाला खाली नुसते मोजे असले की सगळा थाट उतरतो बघ. साडीवर सईला म्हणावं ती कोल्हापुरी छान दिसते पण ती पिशवीतूनच ने, चामडं भिजलं की फुगतं आणि परत तशी बसत नाही. आणि जाताना थर्मल असू देत, उगाच फॅशन नको.

दाराबाहेरच पाय आपटून बर्फ झटकायचा. बुटाच्या तळाला बर्फात घसरू नये म्हणून ते खिळ्यांचं रबर लावतोस ना, ते बाहेरच काढायचं, एक पाऊलही आत आणायचं नाही, लाकडी जमिनीला ओरखडे पडतात आणि तिकडे जमीन पॉलिश करायला किती पैसे घेतात ते तुलाच माहीत. आत आल्यावर आधी बसायला काही आहे का बघ, नसेल तर भिंतीला टेकून एक बूट काढायचा, आणि तो पाय लगेच पुढच्या कोरड्या जागेवर, मग दुसरा. हे मी साठाव्या वर्षी ओला मोजा घालून शिकले. बूट ट्रेमध्ये, टोपी आणि मफलर कोटाच्या बाहीत खुपसून टाकायचा म्हणजे हरवत नाही. आणि भेट द्यायला म्हणून बूट घालूनच हॉलपर्यंत जायचं नाही, "एकच मिनिट" म्हणत. ते एक मिनिट पुसायला अर्धा तास लागतो.

मीठ हा प्रकार मला आधी कळलाच नव्हता. रस्त्यावर पोत्याने मीठ का टाकतात हे बाबांनी बसमध्ये समजावलं. उन्हाळ्यात पॉटचं आईस्क्रीम करायचो आपण, लाकडी बादलीत बर्फावर खडेमीठ टाकून तू आणि ताई आळीपाळीने दांडा फिरवायचात, तेच ते. साधं पाणी शून्याला गोठतं, खारं पाणी त्याच्या बरंच खाली गेल्यावर, म्हणून रस्त्यावरचा बर्फ वितळतो, आणि आपल्या बादलीत तेच खारं पाणी शून्याखाली जाऊन आतलं दूध गोठवतं. उणे दहाच्या खाली थंडी गेली की नुसत्या मिठाचं फार काही चालत नाही म्हणे. असो. पण ते मीठ शेवटी येतं कुठे, तर तुझ्या बुटाबरोबर दुसऱ्याच्या घरात, वाळलं की जमिनीवर पांढरे ओघळ. आणि बुटावरही ती पांढरी रेघ उमटते, ती तशीच ठेवलीस तर चामडं खराब होतं. घरी आल्यावर एक भाग पांढरं व्हिनेगर आणि दोन भाग पाणी घेऊन फडक्याने पुसायचं, मग साध्या ओल्या फडक्याने. आणि हीटरला चिकटवून वाळवू नकोस, चामडं कडक होऊन तडकतं. आत कागदाचे बोळे कोंबायचे, पावसाळ्यात तुझ्या शाळेच्या बुटांत मी सकाळचे कागद कोंबायचे तसे. तुमच्याकडे पेपर येत नाही माहितीये, जाहिरातींचे कागद तर येतात ना रोज पेटीत.

आजी असत्या तर म्हणाल्या असत्या, एवढं कशाला, दारातच पाय धुवा. नारायण पेठेतल्या वाड्यात चौकात हौदापाशी पाय धुतल्याशिवाय त्या कुणाला ओसरीवर चढू द्यायच्या नाहीत, जावयालासुद्धा नाही. मला नवीन लग्नानंतर फार राग यायचा त्याचा. मग एकदा त्यांनीच सांगितलं, 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं, खडकवासलाही गेलं, पाणी वाड्यात शिरलं, आणि पाणी ओसरल्यावर जो गाळ राहिला तो काढता काढता हात सोलवटले त्यांचे. त्यानंतर चिखलाचं एक पाऊल घरात आलं की त्यांच्या अंगावर काटा यायचा. मी नंतर कधी काही बोलले नाही.

आता तुमच्या घरच्या कार्यक्रमाचं. नियम करायचा असेल तर सोयही करावी लागते रे. दारात नुसता "बूट काढा" असा कागद चिकटवू नका, आपण पुण्याचे आहोत म्हणून लगेच पाटी नको. एक सोडून दोन ट्रे ठेवा, बसायला स्टूल ठेवा, एक जुना टॉवेल पायपुसण्याच्या पुढे, आणि दर अर्ध्या तासाने तू स्वतः जाऊन पाणी टिपून घे. सईला त्या दिवशी बघायला वेळ नसणार, दाराचं खातं तुझं. जोडप्यांबरोबर लहान मुलं येतील, त्यांना तो फुगीर पायजमा असतो बर्फाचा, काढताना आधी बूट मग पायजमा आणि जाताना उलट, हे आयांना ठाऊक असतं पण मदतीचा हात लागतो.

आणि कुणी म्हातारं माणूस बूट काढायला कचरलं तर आग्रह करायचा नाही. बाबांचं आठवतंय ना त्या तुझ्या मित्राकडे? गुडघा वाकत नाही, त्यात डायबेटिसमुळे डॉक्टरांनी घरातही अनवाणी फिरू नका सांगितलंय, आणि तो पोरगा आपला "काका, घर आपलंच आहे, काढा की" म्हणत हसत उभा. बाबा जिन्याच्या पायरीवर बसले, मी खाली वाकून त्यांच्या नाड्या सोडल्या, आणि लोक वाट बघत मागे उभे. ते काही बोलले नाहीत पण परत येताना गाडीत खिडकीबाहेरच बघत होते. अशा माणसाला बूट नीट पुसून तसंच आत येऊ द्यावं, नाहीतर एक मोठी उघडी सपाता तयार ठेवावी. काही लोकांकडे बूट न काढण्याचीच पद्धत असते, तिथे तू बूट काढून मोज्यांवर आलास तर तेच अवघडतात, म्हणून निमंत्रण आलं की आदल्या दिवशी एक मेसेज टाक, घरात बूट काढायचे ना म्हणून. यात कुणी हसत नाही.

31 ला जाताना तो करड्या रंगाचा मोजा घालू नकोस, त्याच्या टाचेलाही विरलंय, मला व्हिडिओ कॉलवर दिसलं.

सईचं वाण अजून ठरलं नसेल तर मला एक सुचलंय. तुळशीबागेत घरात घालायचे लोकरीचे मोजे मिळतायत, तळाला रबराचे ठिपके आहेत त्यामुळे लाकडावर पाय घसरायचा नाही. दारात बूट काढले की तिथेच प्रत्येकीच्या हातात एक जोड द्यायचा, वाणही झालं आणि पायही गरम. समोरच्या काकू 4 तारखेला तिकडे यायला निघतायत, त्यांच्या बॅगेत 2 किलोची जागा आहे म्हणाल्या. किती बायका येणार ते आजच विचारून कळव, उद्या दुपारी मी जाणारच आहे लक्ष्मी रोडला, आणि तुझ्या पायाचा नंबर 9 च आहे ना अजून?

आई