कूलर निरुपयोगी होतो ती रात्र

नागपूर,
८ जून

चि. सईस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली कादंबरीची पहिली चार प्रकरणे मी दोनदा वाचली. पहिल्यांदा आई म्हणून वाचली आणि रेवाचा धाकटा भाऊ जातो त्या पानाशी थांबून चष्मा पुसला. दुसऱ्यांदा मात्र तीस वर्षे नववी-दहावीला भौतिकशास्त्र शिकवलेली बाई म्हणून, हातात लाल पेन घेऊन वाचली. हे पत्र त्या दुसऱ्या वाचनाचे आहे, तेव्हा थोडे सोसून घे.

तुझ्या २०९८ सालच्या नागपुरात पहिल्याच वाक्यात पारा ५६ अंशांवर जातो. हा आकडा तुला कुठून सुचला ते मी ओळखले. मे २०२४ च्या अखेरीस इथल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंशांची नोंद केली, दिवसभर सगळ्यांचे फोन तेवढ्याच बातमीने वाजत राहिले आणि नंतर त्या उपकरणातच बिघाड असल्याचे हवामान खात्याने स्पष्ट केले. खरा उच्चांक २०१३ च्या मे महिन्यातला, ४७.९ अंशांचा. कादंबरीकाराला आकडा वाढवण्याची मुभा असते, ती मी काढून घेत नाही. पण आकडा वाढला म्हणजे भीती वाढते असे नाही. नागपूरकराला ४५ आणि ४७ यांतला फरक रुमाल किती घट्ट बांधायचा एवढ्यापुरताच जाणवतो. त्याची खरी तारांबळ उडते ती वेगळ्याच दिवशी, आणि तो दिवस तुझ्या चारही प्रकरणांत कुठेच नाही.

तुला आठवत असेल, मी गच्चीच्या जिन्यात दोन थर्मामीटर शेजारी-शेजारी टांगते आणि एकाच्या फुग्याला मलमलची पट्टी गुंडाळून तिचे टोक पाण्याच्या वाटीत सोडते. पट्टीतले पाणी उडून जाताना फुग्याची उष्णता घेऊन जाते, म्हणून तो पारा खाली राहतो. मे महिन्यात दुपारी दोन वाजता कोरडा पारा ४४ असताना ओला २३ वर असतो. आपला कूलर चालतो तो या एकवीस अंशांच्या फरकावर, आणि आपले शरीरही घामाच्या रूपाने तेच करत असते. आता हवा दमट झाली की पाणी उडणे मंदावते आणि दोन्ही पारे एकमेकांजवळ येऊ लागतात. ओला पारा ३५ वर पोचला, तर सावलीत बसलेला, भरपूर पाणी प्यायलेला, धडधाकट माणूसही काही तासांपलीकडे तग धरू शकत नाही, कारण अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे वाटच उरत नाही. तरुण, निरोगी माणसांवर झालेल्या अलीकडच्या प्रयोगांत तर शरीराचा तोल त्याच्याही आधी, दमट हवेत ३१ अंशांच्या आसपासच ढळू लागलेला दिसला. म्हणजे ४५ अंशांच्या कोरड्या दुपारपेक्षा ३८ अंशांची, सत्तर टक्के आर्द्रतेची वेळ कितीतरी अधिक घातक, कारण पहिल्या वेळी ओला पारा २४ असतो आणि दुसऱ्या वेळी ३३.

म्हणून रेवाच्या भावाला भर दुपारी झीरो माइलच्या दगडापाशी कोसळवू नकोस. ते चित्र पोस्टरवर छान दिसेल, पण विदर्भातले मूल भर दुपारी तिथे मुळात जाणारच नाही. दुपारी घरात राहायचे हे त्याला चालायला येण्याआधी कळलेले असते. तो जावा मृग लागल्यानंतरच्या एखाद्या रात्री, घरात, कूलरसमोर. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे ते नऊ दिवस, संपलेला असावा, ढग आलेले असावेत, सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकलेला असावा. टाकीत पाणी आहे, मोटर चालू आहे, पंखा फिरतो आहे, आणि तरी खसमधून येणारा वारा कोमट, चिकट लागतो. आई त्याच्या अंगावरून ओले फडके फिरवते आणि ते फडके वाळतच नाही. तुझा वाचक सोळा वर्षांचा असेल, पण त्याने ही रात्र सौम्य रूपात दर वर्षी अनुभवलेली आहे. तो घाबरेल.

तुझे दुसरे गृहीतक म्हणजे चाळीस वर्षे पाऊस न पडलेले वाळवंट. हेही मला पटले नाही. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के अधिक बाष्प मावते. ते बाष्प अंतराळात निघून जात नाही, कधीतरी एकदम खाली येते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि एरवी जिला आपण नाला म्हणून हिणवतो ती नाग नदी लोकांच्या शयनगृहात शिरली. तू त्या वेळी पुण्यात होतीस. मी पाहिलेला चिखल अजून डोळ्यांपुढे आहे. तुझ्या भविष्यातले नागपूर असे असू दे: पाच-पाच आठवडे कोरडे, मग एका रात्रीत गळ्यापर्यंत पाणी, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा प्यायला थेंब नाही.

संत्रे ‘दंतकथा’ होऊन गेले असे एका ओळीत उरकले आहेस, त्याचे मला वाईट वाटले. मृग बहारासाठी काटोलकडचे शेतकरी उन्हाळ्यात झाडाचे पाणी तोडून त्याला ताण देतात, आणि जूनच्या पावसाने तो ताण सुटला की झाड फुलते. पाऊस महिनाभर लांबला तर काय, किंवा ताण सुरू असतानाच मे महिन्यात अवकाळी पाऊस कोसळला तर काय? झाड असते, पाने असतात, फक्त ते फुलायचे केव्हा हे विसरते. रेवाच्या आजोबांना अशा बागेत उभे कर. एका प्रकरणाचा ऐवज तिथे आहे.

पाण्यासाठीचे युद्ध तू फारच दूर नेऊन ठेवलेस. आपले पाणी पेंच आणि कन्हान या नद्यांचे. पेंचवर वरच्या अंगाला, मध्य प्रदेशात, चौराईचे धरण झाले आणि २०१९ च्या जुलैत शहरात एक दिवसाआड नळ आले, तेव्हा आपण दोघींनी बाथरूममधल्या बादल्या मोजल्या होत्या. खलनायकाची गरजच पडली नव्हती. वरच्या गावालाही तहान असतेच. आणि भांडेवाडीत शुद्ध केलेले आपलेच सांडपाणी वीजकेंद्रासाठी वापरले जाते, ही गोष्ट तुझ्या कोणत्याही काल्पनिक यंत्रापेक्षा मला अधिक विज्ञानकथेसारखी वाटते.

सीताबर्डीच्या किल्ल्यावर तू बांधलेल्या काचेच्या घुमटाविषयी एवढेच सांगते की नागपूरच्या उन्हात काचेखाली माणसे जगणार नाहीत, पापड वाळतील.

आता शेवटचा मुद्दा, जो लिहायला मला दोन दिवस लागले. तुझ्या कथेतली मागची पिढी एकजात हावरी आणि निर्लज्ज आहे. ती तशी दाखवण्याचा तुला अधिकार आहे, परंतु त्यामुळे रेवाचा राग फार स्वस्त होतो. अंगणातला कडुनिंब २००९ साली मीच तोडायला लावला, हे तुला माहीत नाही. त्याला कीड लागली होती असे मी तुला सांगितले होते. कीड नव्हती. त्याची मुळे पाण्याच्या टाकीत शिरत होती आणि बाबांची गाडी उभी करायला जागा हवी होती. पुढच्याच उन्हाळ्यात पश्चिमेची खोली तापू लागली म्हणून आपण दुसरा कूलर घेतला, आणि त्याची वीज कोराडी-खापरखेड्याच्या बाजूने, कोळसा जाळूनच येत होती. प्रत्येक पावलाला माझ्याकडे चांगले कारण होते. रेवाच्या आजीला तशी कारणे दे, तिला नातीवर जीव ओवाळून टाकू दे, आणि मग रेवाला तिच्यासमोर बसवून बोलायला लाव. तो संवाद तुला जमेल की नाही हे मला सांगता येत नाही. मला तो पत्रातही धड जमलेला नाही.

काल रात्री अकरा वाजता कोरडा पारा ३४ होता आणि ओला २७. कूलर बंद केला आणि खिडक्या उघडल्या. पाचवे प्रकरण पाठवशील तेव्हा अक्षर थोडे मोठे ठेव आणि समासात जागा सोड.

तुझी
आई