पुन्हा उड्डाण करा, पण आधी कारण सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१८ मे २०२५ रोजी इस्रोचे पीएसएलव्ही-सी६१ हे रॉकेट अपयशी ठरले आणि इओएस-०९ हा जवळपास सतराशे किलोचा उपग्रह गेला. तिसऱ्या टप्प्यातल्या घन इंधनाच्या मोटरचा दाब उतरला, एवढे आपल्याला कळले. त्यानंतर १२ जानेवारी २०२६ रोजी सी६२ सुटले. पुन्हा तिसऱ्याच टप्प्याच्या अखेरीस ते भरकटले आणि सगळे उपग्रह गेले. सी६२ उडेपर्यंत सी६१ च्या चौकशीचा अहवाल जाहीर झालेला नव्हता. हे पत्र त्याबद्दल आहे.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या लॅबमध्ये नोकरी करून निवृत्त झाले. हीटचा, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या धातूचा, नमुना तपासणे, टेस्ट बार (चाचणीसाठी ओतलेली कांडी) ओढून तोडणे आणि टी.सी.वर, म्हणजे चाचणीच्या प्रमाणपत्रावर, सही करणे हे माझे काम. रॉकेट मी बनवलेले नाही. पण तुटलेला तुकडा हातात घेऊन तो का तुटला हे शोधण्यात माझे आयुष्य गेले आहे, म्हणून लिहिते.

अपयशानंतर दोन सूर ऐकू येतात. एक म्हणतो, आता नवे प्रयोग नकोत, जुने हमखास चालणारेच उडवा. दुसरा म्हणतो, सुधारित आवृत्ती तयारच आहे तर तिच्यासकट लवकर उडवा, जग थांबलेले नाही. मला दोन्ही अर्धवट वाटतात, आणि त्याचे कारण अमेरिकेतल्या स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन-९ या रॉकेटच्या उदाहरणात नीट दिसते.

२८ जून २०१५ रोजी अंतराळ स्थानकाला सामान घेऊन निघालेले फाल्कन-९ सव्वादोन मिनिटांनंतर हवेत फुटले. वरच्या टप्प्याच्या ऑक्सिजन टाकीत हेलियमच्या बाटल्या असतात. द्रव ऑक्सिजनमध्ये त्या वर उसळी घेतात आणि रॉकेटचा जोर वाढेल तशी ती उसळी वाढते. त्यांना धरून ठेवणारा एक आधारदांडा तुटला. तो साडेचार टन भार पेलेल असे प्रमाणपत्र होते, आणि तो मोडला त्याच्या पाचव्या हिश्श्याला, म्हणजे नऊशे किलोच्या आसपास. कंपनीने सदोष मटेरियलकडे बोट दाखवले.

नासाच्या स्वतंत्र पथकाच्या अहवालाचा सारांश २०१८ साली जाहीर झाला, आणि तो कोल्हापूरच्या प्रत्येक फौंड्रीवाल्याने वाचावा असा आहे. दांड्याच्या टोकाचा रॉड एंड हा ओतीव तुकडा होता. १७-४ पीएच स्टेनलेस स्टीलचे कास्टिंग, तेही विमान-अवकाशासाठीचे नव्हे, साधे औद्योगिक प्रतीचे. ते कडाक्याच्या थंडीत, सगळा भार जिथून जातो त्या जागी वापरले. उत्पादकाने चौपट सुरक्षितता ठेवायला सांगितली होती, ती पाळली नाही. पुरेशी चाचणीही केली नाही. नासाच्या पथकाने याला आराखड्यातली चूक म्हटले. दोन्ही निष्कर्षांत केवढा फरक आहे! एकात ओतणारा दोषी ठरतो, दुसऱ्यात तो तुकडा तिथे बसवण्याचा निर्णय घेणारा.

आमच्या धंद्यातला माणूस हे लगेच ओळखतो. टेस्ट बार त्याच हीटच्या धातूतून ओततात, पण वेगळ्या साच्यात. तो बारीक आणि एकसारखा असल्याने सगळीकडे सारखा थंड होतो. खऱ्या जॉबमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष बसवायच्या तुकड्यात, जिथे जाड भाग पातळ भागाला मिळतो तिथला धातू उशिरा गोठतो, आत श्रिंकेज (धातू आकसल्याने पडलेली पोकळी) राहते आणि बाहेरून पृष्ठभाग गुळगुळीत दिसतो. तोडल्यावर मात्र चकचकीत दाण्यांच्या मधोमध काळपट, स्पंजासारखा ठिपका सापडतो. टी.सी. खोटी नसते, ती धातूबद्दल बोलते. जॉबबद्दल बोलायचे तर जॉबच तपासावा लागतो. त्या अपघातानंतर स्पेसएक्सने यापुढे प्रमाणपत्रावर न विसंबता एकूण एक दांडा स्वतंत्रपणे तपासू असे सांगितले, आणि ते योग्यच होते.

मग २१ डिसेंबर २०१५ ला त्यांनी उड्डाण पुन्हा सुरू केले, तेही सुधारित आवृत्तीने. ऑक्सिजन उणे २०७ अंशांच्या आसपास थंड करून जास्त दाट भरला, केरोसीनही थंड केले, इंजिनांचा जोर वाढवला. अकरा उपग्रह कक्षेत गेले आणि पहिला टप्पा केप कॅनाव्हरलला परत येऊन उभा उतरला. हे धाडस मला मनापासून आवडते. पण १ सप्टेंबर २०१६ रोजी त्याच आवृत्तीचे रॉकेट तळावरच, चाचणीसाठी इंधन भरताना फुटले. हेलियमच्या बाटलीचे धातूचे अस्तर आणि वरचे कार्बन धाग्यांचे वेष्टण यांच्या फटीत तो अतिथंड ऑक्सिजन अडकला होता. जुना दोष काढला होता, पण नव्या बदलाने स्वतःचा दोष बरोबर आणला. पुढे माणसे पाठवायची वेळ आली तेव्हा नासाने अट घातली की आराखडा गोठवा आणि त्याच रूपात आधी सात उड्डाणे करा. मे २०२० मध्ये माणसे गेली ती त्यानंतर.

आमच्याकडेही रिजेक्शन वाढले की वाळू, गेटिंग (साच्यात धातू जाण्याच्या वाटा) आणि धातूचे मिश्रण एकदम बदलायचे नाही हा नियम असतो. नाहीतर कशाने बरे झाले ते कळत नाही. तरीही जुन्याला चिकटून राहणे म्हणजे सुरक्षितता, असेही नाही. इस्रोचे जीएसएलव्ही-डी५ हे रॉकेट आठवा. १९ ऑगस्ट २०१३ रोजी उड्डाणाला सव्वा तास राहिला असताना दुसऱ्या टप्प्यातून इंधन गळू लागले आणि उलटगणती थांबवली. तो टप्पाच बदलला, टाकीचा ॲल्युमिनियम मिश्रधातू बदलला, आणि ५ जानेवारी २०१४ रोजी स्वदेशी क्रायोजेनिक (अतिथंड इंधनावर चालणारे) इंजिन पहिल्यांदा यशस्वी झाले. २०१० मध्ये त्याच जातीच्या रॉकेटची दोन उड्डाणे फसली होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या दिवशी थांबायला केवढे धैर्य लागले असेल ते कळते.

सुधारित आवृत्ती आणावी, याला माझा विरोध नाही. अट एकच, आधी का बिघडले ते सांगावे. इस्रोला हे उत्तम जमते. एसएसएलव्ही या छोट्या रॉकेटचे पहिले उड्डाण ७ ऑगस्ट २०२२ रोजी फसले तेव्हा दुसरा टप्पा सुटताना क्षणभर एवढा हादरा बसला की त्वरणमापक (वेगातला बदल मोजणारी उपकरणे) भांबावले आणि संगणकाने ते निकामी ठरवले, हे इस्रोने तपशीलवार सांगितले. टप्पा सोडवण्याची यंत्रणा आणि संगणकाचा तर्क, दोन्ही बदलले. सहा महिन्यांनी, १० फेब्रुवारी २०२३ ला, दुसरे उड्डाण यशस्वी झाले. जीएसएलव्ही-एफ१० चे उड्डाण फसले त्या वेळी हायड्रोजन टाकीची झडप गळाली, तेही जाहीर केले होते. मग पीएसएलव्हीच्या बाबतीतच मौन का?

गुप्ततेचे कारण दिले जाईल. घन इंधनाची मोटर कशी भरतात हे कोणी विचारत नाही. दोष मोटरच्या खोक्यात होता, इंधनात की नोझलमध्ये, आणि तो तपासणीतून कसा सुटला, एवढे सांगितल्याने देश उघडा पडत नाही. नासानेही सारांशच दिला होता, तेवढा पुरला.

आता हे जास्त तातडीचे आहे, कारण रॉकेट बनवण्याचे काम बाहेर जाते आहे. पाच पीएसएलव्ही बनवण्याचे काम हिंदुस्तान एरोनॉटिक्स आणि एल अँड टी यांना २०२२ मध्ये मिळाले. एसएसएलव्हीचे तंत्रज्ञानही हिंदुस्तान एरोनॉटिक्सकडे जात आहे. मोठ्या कंपन्या सुटे भाग छोट्यांकडून घेतात आणि ती साखळी उद्या गोकुळ शिरगाव, कागलपर्यंत येईल. ती यावी ही माझी मनापासून इच्छा आहे. पण लेथवर उभ्या असलेल्या पोराला आपला जॉब कुठे बसतो आणि आधीचा तिथे का तुटला हे ठाऊक नसेल, तर तो ड्रॉइंगमधला टॉलरन्स (मापातली चालणारी कमी-जास्त) पाळेल, पण शंका आली म्हणून जॉब बाजूला काढून ठेवणार नाही. तो बाजूला ठेवलेला जॉबच रॉकेट वाचवतो.

माझी इस्रोला विनंती आहे की पीएसएलव्ही पुन्हा उडवण्याआधी सी६१ आणि सी६२ या दोन्हींच्या चौकशीचे सारांश जाहीर करावेत, आणि नव्या आवृत्तीत कोणता बदल दोष काढण्यासाठी व कोणता ताकद वाढवण्यासाठी हे त्यात वेगळे दाखवावे. आपणास विनंती अशी की तो सारांश आला तर बातमीच्या चार ओळींत न उरकता मराठीत पूर्ण छापावा, आकृत्यांसह. उद्यमनगरात तो वाचणारे पुष्कळ आहेत.

आपली,
एक निवृत्त फौंड्री-लॅब कर्मचारी,
राजारामपुरी, कोल्हापूर