पाणचक्कीसमोरचं भाषण आणि आमची तासिका

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात आपण आमच्या संभाजीनगरात पाणचक्कीसमोर उभे राहून पूर्वजांच्या जलव्यवस्थापनावर छान बोललात. यावर संशोधन व्हायला हवं, प्राध्यापकांची रखडलेली भरतीही याच वर्षी करू, असंही म्हणालात. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. सोमवारी प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, “सर, पर्यावरणाच्या इतिहासाचा पेपर नव्या अभ्यासक्रमात नाही. कार्यभार बसत नाही. जूनपासून येऊ नका.”

साहेब, माझी पीएचडीच नहर-ए-अंबरीवर आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने खडकी, म्हणजेच आजचं संभाजीनगर, वसवली आणि डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या नहरीतून, निव्वळ उताराच्या जोरावर गावात आणलं. ना मोटर, ना वीजबिल. या नहरींच्या विहिरींत मी कमरेला दोर बांधून उतरलोय. खापरी नळाच्या आत चुन्याचा थर बसलेला, पिंपळाची मुळं घुसलेली, तरी खाली पाण्याचा आवाज येतो. जुन्या कागदांसाठी मोडी शिकलो, फारसी शिकलो, हैदराबादला उन्हाळे काढले. नेट झालं, सेट झालं. बायकोचे दागिने सोनाराकडे गेले ते परत आलेच नाहीत. वय बेचाळीस, आणि गेल्या सत्राचं मानधन अजून ‘प्रक्रियेत’ आहे. कायम जागा निघालीच तर चाळीस लाखांचा भाव ऐकतो, कुणी पन्नास सांगतं. पावती कुणी दाखवत नाही, तेव्हा खरा आकडा आपणच शोधा.

इकडे शहराची पाणी योजना १,६८० कोटींवरून २,७०० कोटींच्या पुढे गेली म्हणे. जायकवाडी एवढं जवळ, तरी धरण उशाला नि कोरड घशाला. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, तेव्हा गाडीपुढे फोटो काढायला गर्दी होती. लातूर तहानलं का, ऊस कुणाच्या कारखान्यांसाठी लागला, हे विचारणारा पेपर मात्र शासनाला जड झाला! माझ्या वर्गातली पोरं १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्यांची नातवंडं. त्यांना कौशल्य विकास शिकवा, इतिहास कशाला हवा?

थकलेलं मानधन द्या, पेपर परत आणा, भरतीची तारीख सांगा. आणि पुढच्या भाषणासाठी नहरीची माहिती हवी असेल, तर आमच्या विभागात फोन करू नका. उचलायला तिथं आता कुणी नाही.

आपला,
तासिका तत्त्वावरचा (माजी) प्राध्यापक